जेट बदलताना

बाणेरच्या चौदाव्या मजल्यावरून उतरवलं हे ग्रिल,
चार बर्नरचं, झाकणाचं, बिडाच्या जाळीचं.
वारज्यात टेम्पोवाल्यानं आणि वॉचमननं मिळून
त्याला शेगडी ठरवलं, मग मीही ठरवलं.
विकणारे कॅनडाला निघाले होते.
पाच वर्षांत अकरा वेळा पेटवली, बाई म्हणाल्या.
मोजून ठेवलं होतं तिनं,
याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मागच्या पत्र्यावर चिकटपट्टी: फक्त पाईप गॅससाठी.
आमच्या गल्लीत पाईप अजून
तीन वर्षांपूर्वी खणलेल्या चरापर्यंतच पोचलाय.

बोहरी आळीत मुर्तझाभाईंनी जुना जेट उजेडात धरला,
एक डोळा मिटून, सुईत दोरा ओवावा तसा.
"एकशेतीस. तुम्हाला लागणार पंच्याऐंशी."
हाच बारीक करून नाही मिळणार?
ते हसले नाहीत.
"भोक मोठं कुणीही करून देईल, ताई.
लहान करून देणारा अजून बाजारात बसायचाय."
चार पितळी दाणे कागदात बांधून दिले,
रेग्युलेटर वेगळा,
बिल हवं असेल तर ते आणखी वेगळं.

गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत खैरनारबाई,
एकतीस वर्षं गॅस एजन्सीत, तक्रारींच्या टेबलावर.
फोनवरून वास ओळखायच्या, असं त्यांचंच म्हणणं.
"माणूस हळू बोलत असेल तर गळती खरी.
ओरडत असेल तर नंबर लागलेला नाही, एवढंच."

सातचा पाना. पहिला निघाला, दुसरा निघाला.
तिसऱ्याच्या नळीत कोळ्याचं जाळं.
चौदाव्या मजल्यावर लिफ्टनं गेला असेल.

"पाईपचा गॅस हलका," बाई सांगत होत्या,
"निसटला तर वर जातो,
खिडकीतून निघून जातो, बोभाटा न करता.
टाकीतला जड. तो खाली उतरतो,
फरशीलगत पसरतो, कोपरा धरून बसतो,
कुणी काडी ओढतंय का बघत."
मग जरा थांबून,
"आमच्या घरात दोन्ही प्रकारची माणसं होती."
मी विचारलं नाही.
पाना घसरला, बोट सोललं,
तेवढ्यात विषय बदलला.

वाटीत साबणाचं पाणी, आणि फेस लावायला
त्यांनी पिशवीतून दाढीचा ब्रश काढला,
खैरनारांचा. "आता कशाला लागतोय."
सांध्यासांध्याला फेस लावत गेले,
जणू शेगडीला कुठं लग्नाला जायचंय.
रेग्युलेटरच्या गळ्याशी एक बुडबुडा फुगला,
फुगतच गेला, त्यात पाण्याची काळी टाकी,
दोरीवरचे परकर, लांबचा सिंहगड टॉवरसकट.
किती सुंदर, असं मी म्हणणार होते.
"अर्धा आटा अजून," त्या म्हणाल्या.

पेटवली. ज्योत पिवळी, उंच, लवलवती,
जाळीला काजळी धरायला लागली.
"गुदमरतोय तो. हवा दे."
झडप सरकवली, केसभर, मग आणखी केसभर,
आणि ती एकदम खाली बसली, निळी,
आवाज न करता काम करणारी.
दुसरी, तिसरी.
चौथी काही केल्या पिवळीच.
"राहू दे. तिच्यावर वांगी भाजू."

पुढच्या शनिवारपासून गेटाशी मका, पनीर,
बारा नंबरच्या जगतापांनी परवानगी विचारलीच आहे.
जुने जेट माझ्या कुर्त्याच्या खिशात राहिले
आणि रात्री वॉशिंग मशीनमध्ये खडखडले.
पत्र्यावरची पट्टी नखानं खरवडली, रॉकेलनं पुसली.
बाकी सगळं निघालं. 'फक्त' तेवढं राहिलं.

पण ते नंतरचं.
त्या संध्याकाळी खैरनारबाई गुडघा धरून उतरल्या,
पहिल्या वळणावर थांबल्या,
वर न बघताच म्हणाल्या,
"तो ब्रश नीट धुऊन खाली पाठव."